दुधात उरलेले औषध आणि रंग बदलणारे सोने

रात्री नेहमीप्रमाणे विरजण लावावे आणि सकाळी झाकण काढले तर भांड्यात दह्याऐवजी पातळ दूधच असावे, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या घरी कधी ना कधी आला असेल. थंडीचे दिवस असतील, विरजण जुने झाले असेल, किंवा दूध फार गरम असताना ते घातले गेले असेल. बहुतेक वेळा कारण इतकेच साधे असते. दुग्धव्यवसायातील जाणत्या माणसांना मात्र आणखी एक कारण ठाऊक असते. दुधात प्रतिजैविकाचा, म्हणजे ज्याला आपण सर्रास अँटिबायोटिक म्हणतो त्या औषधाचा, अंश उरला असेल तर दही लावणारे जिवाणूही त्या औषधापुढे हात टेकतात. दही आणि चीज बनविणाऱ्या कारखान्यांना याचा मोठा फटका बसतो. आरोग्याची चिंता पुढे आली, त्याआधी या नुकसानीनेच दुग्धव्यवसायाला औषधांच्या अवशेषांकडे लक्ष द्यायला भाग पाडले होते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. घरी दही लागले नाही म्हणून दुधात औषध आहे असे मानू नये, आणि दही छान लागले म्हणून दूध निर्धोक आहे असेही मानू नये. त्यासाठी खऱ्या चाचण्या लागतात. अशा चाचण्यांच्या एका नव्या शाखेबद्दल आज आपल्याशी बोलायचे आहे. वनस्पतींच्या पानांचा अर्क वापरून सोन्याचांदीचे अतिसूक्ष्म कण तयार करायचे आणि त्यांच्या रंगातील बदलावरून दुधातील, मधातील किंवा पाण्यातील प्रतिजैविक ओळखायचे, अशी ती कल्पना आहे. हा विषय रसायनशास्त्राच्या पदवीधरांचा वाटेल. पण दूध हे आपल्या घरातील वृद्ध, आजारी आणि दात नसलेल्या माणसांचे प्रथिनांचे मोठे साधन आहे. शिवाय या संशोधनाचे नाव घेऊन काही भलत्याच बाटल्या बाजारात येऊ लागल्या आहेत आणि त्या माझ्या टेबलावर आणून ‘डॉक्टर, हे घेऊ का?’ असे विचारणारे रुग्ण वाढले आहेत. म्हणून हा लेख.

औषध दुधात येते कसे?

गाईच्या किंवा म्हशीच्या कासेला सूज येते, कास कडक होते, दूध पाणचट किंवा गुठळ्यांचे येऊ लागते. शेतकरी याला दगडी म्हणतात, पशुवैद्यक कासदाह म्हणतात. बहुतेक वेळा हा जंतुसंसर्गच असतो आणि त्यावर प्रतिजैविक देणे हा योग्य उपचार आहे. ते इंजेक्शनने दिले जाते किंवा सडात सोडायच्या ट्यूबमधून थेट कासेत सोडले जाते. जनावर बरे होते, पण औषधाचा अंश पुढचे काही दिवस दुधात उतरत राहतो. तेवढ्या काळात ते दूध विकू नये, असा नियम आहे. आपल्या देशात जानेवारी २०१२ मध्ये औषधविषयक नियमांत दुरुस्ती होऊन, पशूंच्या औषधांच्या वेष्टनावर हा कालावधी छापणे बंधनकारक झाले. ज्या औषधाचा कालावधी शास्त्रीय चाचणीने ठरलेला नाही, त्यासाठी दूध आणि अंड्यांच्या बाबतीत तो किमान ७ दिवस धरावा, मांसाच्या बाबतीत २८ दिवस, असेही त्यात म्हटले आहे.

नियम चांगला आहे. पण ज्याच्या गोठ्यात दोनच जनावरे आहेत, त्याच्यासाठी ७ दिवसांचे दूध ओतून देणे म्हणजे आठवड्याची मिळकत ओतून देणे. औषधाचा खर्च वेगळाच. त्याला गुन्हेगार ठरविणे मला रुचत नाही. संकलन केंद्रावर त्याचे दूध फॅट आणि एसएनएफ पाहून घेतले जाते, दरही त्यावरच ठरतो. कालच जनावराला सुई दिली होती का, हे विचारणारे आणि तपासणारे तिथे सहसा कोणी नसते.

आता उकळण्याविषयी. ‘आम्ही दूध तीनदा उकळतो’ असे अनेक आजी अभिमानाने सांगतात, आणि जंतूंच्या बाबतीत उकळणे उत्तमच आहे. क्षयाचे, विषमज्वराचे, ब्रुसेलोसिसचे जंतू त्याने मरतात. औषधाचा रेणू मात्र जिवंत नसतो, त्याला उकळून मारणार कसे? काही प्रतिजैविके उष्णतेने थोडीफार मोडतात, काहींवर जवळजवळ परिणामच होत नाही. उकळणे सोडू नका, पण त्याने हा प्रश्न सुटतो असे समजू नका.

तो प्रश्न किती मोठा आहे? भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष मर्यादेपेक्षा अधिक आढळले. म्हणजे शंभरात साधारण एक. हा आकडा घाबरून दूध बंद करण्याजोगा नाही. तो दुर्लक्ष करण्याजोगाही नाही, कारण दूध आपण रोज घेतो आणि पिशवीतले दूध असंख्य गोठ्यांतून एकत्र आलेले असते. एका गोठ्यातील औषध टाकीतल्या बाकी दुधात मिसळून विरळ होते; विरळ झालेले दिसत नाही, तरी ते असते.

मर्यादा किती सूक्ष्म आहेत तेही पाहा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार १ किलो दुधात अमॉक्सिसिलिन फार तर ४ मायक्रोग्रॅम चालते. आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात बहुधा असणारी ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल सुमारे सव्वा लाख लिटर दुधात समप्रमाणात विरघळविली, तर ही मर्यादा गाठली जाईल. इतके थोडे औषध शोधून काढायचे आहे, ही गोष्ट पुढचे सारे वाचताना ध्यानात असू द्या.

वृद्धांनी याची काळजी का करावी?

पहिली बाब ॲलर्जीची. ज्यांना पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी आहे, त्यांना अन्नातील अल्प अंशानेही अंगावर पित्त उठण्यासारखा त्रास होऊ शकतो. असे रुग्ण विरळा, पण असतात. दुसरी बाब क्लोरॅम्फेनिकॉलची. हे औषध क्वचित एखाद्या व्यक्तीच्या अस्थिमज्जेतील रक्तपेशींची निर्मितीच थांबविते, आणि हा धोका किती मात्रा घेतली यावर अवलंबून नसतो. म्हणूनच अन्न देणाऱ्या प्राण्यांत त्याच्या वापराला अनेक देशांत बंदी आहे. कोळंबी आणि मध यांच्या निर्यातीत या आणि अशाच औषधांच्या अवशेषांवरून भारताला वेळोवेळी नामुष्की पत्करावी लागली आहे. २०१० मध्ये युरोपीय संघाने भारतीय मधाची आयात काही काळ थांबविली, त्यामागच्या कारणांत प्रतिजैविकांचे अवशेष हेही एक होते. खोकल्यावर आल्याच्या रसात मध चाटणाऱ्या घरांनी एवढे माहीत असू द्यावे.

तिसरी बाब सर्वांत मोठी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा ज्यांनी केली आहे, त्यांनी लघवीच्या कल्चरचा अहवाल पाहिलेला असतो. डाव्या बाजूला औषधांची नावे आणि समोर एस किंवा आर ही अक्षरे. एस म्हणजे त्या औषधाला जंतू दाद देतो, आर म्हणजे देत नाही. मी व्यवसाय सुरू केला तेव्हा या यादीत एस पुष्कळ दिसत. आता एखाद्या मधुमेही आजींच्या अहवालात वरपासून खालपर्यंत आर, आर, आर आणि शेवटी दोन महागडी इंजेक्शने उरलेली, असे चित्र दुर्मीळ राहिलेले नाही. जी गोष्ट पूर्वी पाच दिवसांच्या गोळ्यांनी भागत असे, तिच्यासाठी सत्तरीपलीकडच्या माणसाला रुग्णालयात राहावे लागते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे झाले.

या जंतूंना दुधातल्या अंशांनी तयार केले, असे म्हणणे चुकीचे ठरेल. मोठा वाटा आपला, माणसांचा आहे. सर्दीला प्रतिजैविक मागणारे रुग्ण, ते देणारे डॉक्टर आणि चिठ्ठीशिवाय विकणारे दुकानदार, असे सर्वजण त्यात आले. मात्र मारक नसलेली अल्प मात्रा सतत मिळत राहिली तर जंतू त्या औषधाशी जुळवून घ्यायला शिकतात, हे तत्त्व गोठ्यात, कुक्कुटपालनात आणि माणसाच्या आतड्यात सारखेच लागू पडते. कोलिस्टिनचे उदाहरण घ्या. अतिदक्षता विभागात इतर सर्व उपाय थकल्यावर आम्ही ज्या औषधाकडे वळतो, तेच औषध कोंबड्यांची वाढ चांगली व्हावी म्हणून खाद्यात घातले जात होते. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्न देणाऱ्या प्राण्यांत त्याचा वापर बंद केला.

सध्याच्या चाचण्या

आज प्रचलित असलेली एक चाचणी ऐकून आपल्याला गंमत वाटेल, कारण ती दह्याच्या अनुभवावरच उभी आहे. एका छोट्या नळीत जेलीसारख्या माध्यमात निरुपद्रवी, उष्णतेत वाढणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू ठेवलेले असतात. त्यावर दुधाचे काही थेंब टाकून नळी सुमारे ६४ अंश सेल्सिअसला ठेवतात. जिवाणू वाढले तर आम्ल तयार होऊन जांभळा रंग पिवळा होतो. दुधात प्रतिजैविक असेल तर जिवाणू वाढत नाहीत आणि जांभळा रंग तसाच राहतो. निकालाला सुमारे तीन तास लागतात. तोवर टँकर पुढे गेलेला असतो.

दुसरी पट्टीची चाचणी. कोविडच्या काळात घरोघरी वापरलेल्या पट्टीसारखीच ती दिसते आणि काही मिनिटांत रेघ दाखविते. तिसरी सर्वांत अचूक, पण त्यासाठी लाखो रुपयांची यंत्रे, प्रशिक्षित माणसे आणि मोठी प्रयोगशाळा लागते. चार लिटर दूध घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या प्रत्येक किटलीला पट्टी लावायची म्हटली, तर पट्टीची किंमत त्या दुधाच्या नफ्याला गिळून टाकते. म्हणून तपासणी होते ती पुढे, टँकरवर किंवा कारखान्यात. आणि एकदा दूध मिसळले की दोष कोणत्या गोठ्याचा हे सापडत नाही, चांगले दूधही त्याच्याबरोबर वाया जाते. गावातल्या केंद्रावर, दूध मिसळण्याआधी, काही पैशांत किंवा दोनचार रुपयांत होईल अशी चाचणी हवी आहे. नॅनोकणांच्या संशोधनाकडे माझे लक्ष गेले ते याच कारणाने.

सोने लाल कसे दिसते?

दागिन्यातले सोने पिवळे असते. तेच सोने बारीक करत करत दहावीस नॅनोमीटरपर्यंत आणले आणि पाण्यात तरंगत ठेवले, तर ते पाणी माणकासारखे लाल दिसते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या रक्तातील एक तांबडी पेशी सुमारे ७,००० नॅनोमीटर रुंद असते, त्यावरून या कणांची कल्पना करा. कणाच्या पृष्ठभागावरचे मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाटेबरोबर एका ठरावीक तालात डोलतात आणि प्रकाशातला हिरवा भाग शोषून घेतात. मागे उरतो तो लाल. चांदीचे असेच कण पिवळे दिसतात.

हे ज्ञान नसतानाही माणसाने त्याचा उपयोग केला होता. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातील एक रोमन काचपात्र आहे. बाहेरून प्रकाश पडला की ते हिरवे आणि आत दिवा ठेवला की लाल दिसते. त्याच्या काचेत सोन्याचांदीचे असेच सूक्ष्म कण आहेत. १८५७ मध्ये मायकेल फॅरडे यांनी सोन्याचे लाल द्रावण तयार करून त्याचा रंग कणांच्या सूक्ष्मपणामुळे आहे असे मांडले. त्यांच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेल्या आहेत. आणि आपल्या अगदी जवळचे उदाहरण म्हणजे गर्भचाचणीच्या किंवा कोविडच्या पट्टीवर उमटणारी लाल रेघ. बहुतेक पट्ट्यांत ती सोन्याच्या नॅनोकणांचीच असते.

आता मुख्य गोष्ट. हे कण एकमेकांपासून दूर तरंगत असतील तर द्रावण लाल राहते. ते एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके झाले की रंग जांभळा, मग निळा होतो. हा बदल डोळ्यांना दिसतो, यंत्र लागत नाही. दुधातल्या औषधामुळे हे चिकटणे घडून आले किंवा थांबले, तर रंगच आपल्याला उत्तर देतो.

काही प्रतिजैविके, विशेषतः कॅनामायसिन आणि जेंटामायसिनच्या कुटुंबातील, स्वतःच कणांना धरतात आणि एकत्र आणतात. इतरांसाठी एक युक्ती आहे. डीएनएचा एक छोटा धागा असा निवडतात की तो ठरावीक औषधाच्या रेणूलाच मिठी मारील. औषध नसेल तर हा धागा कणाभोवती गुंडाळलेला राहतो आणि मीठ घातले तरी कण विलग राहतात, द्रावण लालच दिसते. औषध आले की धागा कणाला सोडून औषधाकडे जातो, उघडे पडलेले कण मिठामुळे चिकटतात आणि द्रावण निळे होते. याशिवाय कणांचा लेप दिलेल्या पट्टीवरून विजेचा सूक्ष्म प्रवाह मोजून किंवा लेझरच्या प्रकाशात औषधाची ‘सही’ वाचूनही शोध घेता येतो; पण त्यांना पुन्हा उपकरण लागते, म्हणून त्यांच्या खोलात शिरत नाही.

पानांचे काम काय?

धातूच्या क्षारापासून नॅनोकण करायचे तर दोन गोष्टी लागतात. क्षारातील धातूला मूळ धातुरूपात आणणारा पदार्थ, आणि तयार झालेले कण पुन्हा चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर बसणारे आवरण. प्रयोगशाळेत यासाठी काही वेळा विषारी, हाताळायला धोक्याची रसायने वापरली जातात. वनस्पतींच्या अर्कात ही दोन्ही कामे करणारे पदार्थ एकाच वेळी हजर असतात. पॉलिफेनॉल, फ्लेव्होनॉइड, शर्करा आणि प्रथिने हे ते पदार्थ. चहा तुरट लागतो, आवळा तुरट लागतो, त्या तुरटपणामागचे रसायन यांतलेच.

कृती सांगायला सोपी आहे. पाने स्वच्छ धुऊन, चिरून, ऊर्ध्वपातित पाण्यात थोडा वेळ उकळायची, गाळायची आणि तो अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या किंवा सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात घालायचा. चांदीचे द्रावण हळूहळू पिवळसर तपकिरी होते, सोन्याचे लालजांभळे. काही वेळा मिनिटांत, काही वेळा तासांत.

या कामात पुण्याचे नाव मानाने घ्यावे लागते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या पानांच्या अर्काने सोन्याचे आणि चांदीचे कण तयार केल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्यांनी गवती चहाच्या अर्कापासून सोन्याचे सपाट, त्रिकोणी कण मिळविले. आपल्या अंगणात वाढणाऱ्या, पावसाळ्यात चहात टाकल्या जाणाऱ्या त्या पातीतून सोन्याचे त्रिकोण निघावेत, हे वाचून मला त्या वेळी नवल वाटले होते. त्यानंतर जगभर तुळस, कोरफड, जास्वंद, चहा, फळांच्या साली अशा असंख्य गोष्टींवर प्रयोग झाले.

एक मत मात्र नोंदवितो. ‘हिरवी पद्धत’ या शब्दाचा मोह थोडा आवरायला हवा. सोन्याचे कण करण्याची जी पद्धत १९५१ पासून सर्वाधिक प्रचलित आहे, तिच्यात सायट्रेट वापरतात, म्हणजे लिंबातल्या आम्लाचाच क्षार. तीही काही विषारी नव्हे. पानांच्या अर्काचे खरे मोल, माझ्या मते, स्वस्तपणात आणि स्थानिक उपलब्धतेत आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातील साध्या प्रयोगशाळेतही हे काम होऊ शकते.

अडचणी कुठे आहेत?

चैत्रातल्या कोवळ्या कडुनिंबात आणि श्रावणातल्या पानांत एकसारखी द्रव्ये नसतात. मातीप्रमाणे, झाडाच्या वयाप्रमाणेही ती बदलतात. परिणामी एका खेपेचे कण दुसऱ्या खेपेसारखे निघतीलच असे नाही, आणि चाचणीला तर प्रत्येक खेप सारखी हवी. शिवाय पानांतील द्रव्यांचे आवरण कधी इतके घट्ट बसते की औषधाचा रेणू कणापर्यंत पोहोचूच शकत नाही.

दूध हाच दुसरा अडथळा. शुद्ध पाण्यात औषध मिसळून केलेला प्रयोग आणि खऱ्या दुधातला प्रयोग यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. दुधात स्निग्धांश, केसीन, कॅल्शियम, क्षार असे सारे काही आहे आणि यांतले बरेच जण कणांना चिकटतात किंवा त्यांना चिकटवितात. म्हणून आधी दूध फाडून, गाळून, निवळ घ्यावी लागते. तेवढ्याने साधी चाचणी साधी राहत नाही. त्यात प्रतिजैविकांची कुटुंबे अनेक. पेनिसिलिनसाठी बनविलेली चाचणी टेट्रासायक्लिनबद्दल मौन पाळते.

त्यामुळे वर्तमानपत्रात ‘पाच रुपयांत दुधाची चाचणी’ अशी बातमी दिसली, तर तीत दोन प्रश्नांची उत्तरे शोधा. प्रयोग खऱ्या गोठ्यातल्या दुधावर झाला का? आणि आंतरराष्ट्रीय मर्यादेइतका थोडा अंश त्यात सापडला का? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर बातमी महत्त्वाची. अशी चाचणी गावच्या केंद्रावर पहिली चाळणी म्हणून यावी आणि संशयित नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जावा, ही व्यवस्था मला व्यवहार्य वाटते. आपल्या स्वयंपाकघरात तिची जागा नाही.

बाटलीतले चांदीचे पाणी

आता त्या बाटल्यांविषयी. ‘नॅनो सिल्व्हर’, ‘कडुनिंबयुक्त रौप्यजल’ अशा नावांनी प्रतिकारशक्ती वाढविणारी पेये म्हणून काही द्रावणे विकली जातात. संशोधनात चांदीचे कण जंतू मारतात असे आढळले आहे, ही गोष्ट खरी. पण काचेच्या बशीतला जंतू मेला म्हणजे तो पदार्थ प्यायला योग्य ठरत नाही. फिनेलही जंतू मारते. चांदी दीर्घकाळ पोटात गेली तर ती त्वचेत साठून चेहरा आणि हात राखाडी निळसर होतात, आणि हा रंग बहुधा जन्मभर जात नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या चांदीच्या द्रावणांना सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाही असे जाहीर केले. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा जे थायरॉइडच्या गोळ्या घेतात, त्यांनी तर या बाटल्यांपासून दूरच राहावे. चाचणीच्या नळीतले कण चाचणीच्या नळीतच शोभतात.

आणि नातवाने विज्ञान प्रदर्शनासाठी घरच्या ओट्यावर हा प्रयोग करायचा हट्ट धरला, तर त्याला शाळेच्या प्रयोगशाळेत पाठवा. सिल्व्हर नायट्रेटची कांडी आम्ही जखमेवरचे वाढीव मांस जाळायला वापरतो. बोटाला लागली तर काळा डाग आठवडाभर राहतो, डोळ्यात गेली तर इजा होते.

घरात काय करता येईल?

दूध बंद करू नका. वजन घटलेल्या, भूक मंदावलेल्या वृद्धासाठी दूध सोडण्याचे नुकसान या अवशेषांच्या धोक्यापेक्षा बरेच मोठे आहे. घरी दूध घालणारा गवळी असेल तर त्याच्याशी मोकळेपणाने बोला. जनावराला दगडी झाली, सुई किंवा ट्यूब दिली, तर किती दिवस दूध वेगळे ठेवता, असे विचारा. आरोपाच्या सुरात विचारू नका. ‘त्या आठवड्यात आम्हाला दूध दिले नाही तरी चालेल, पुढच्या महिन्यात आम्ही दुसरीकडे जाणार नाही’ एवढे आश्वासन मिळाले तर पुष्कळ माणसे खरे सांगतात.

घरातल्या औषधांच्या डब्याकडेही एकदा पाहा. पाकिटाच्या मागे उभी लाल रेघ असलेली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसतात. मागच्या वेळची उरलेली चार कॅप्सूल या वेळच्या तापाला घेणे, किंवा आजोबांच्या उरलेल्या गोळ्या आजींना देणे थांबवा. उरलेली प्रतिजैविके मोरीत किंवा संडासात टाकू नका, ती पाण्यात जाऊन तेच अवशेष वाढवितात. मुदत संपलेली औषधे घरगुती घातक कचरा म्हणून वेगळ्या पिशवीत द्यायची असतात.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. एक छोटी वही करा आणि तिच्यात आपल्या माणसाने आजवर घेतलेल्या प्रतिजैविकांची नावे, तारखा, किती दिवस घेतले, आणि कशाची ॲलर्जी उमटली ते लिहा. जुने कल्चर अहवाल त्याच वहीत चिकटवा. रात्री अपरात्री रुग्णालयात जावे लागले तर ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरला या दोन पानांतून जे कळते, ते इतर कशातून कळत नाही. आणि लघवीचा संसर्ग वारंवार होत असेल, तर पहिली गोळी देण्याआधी कल्चरसाठी नमुना घ्यावा का, एवढे डॉक्टरांना आवर्जून विचारा. गोळी पोटात गेल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात जंतू अनेकदा सापडतच नाही.